जुन्या धाटणीच्या सायकलला कच्च्या रस्त्यासाठी कोणते ब्रेक बसवावेत?

मुरूमवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे जुन्या इंग्रजी धाटणीची काळी रोडस्टर आहे. २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, लांब फ्रेम, पुढे बाक दिलेला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), स्प्रिंगांचं चामडी सीट, एकच गिअर. कोन, छर्रे, चेन, तारा सगळं बदलून घेतलंय. मी ही सायकल रविवारी भोर-वेल्ह्याकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर, धरणाच्या कडेच्या गाडीवाटांवर चालवतो. तिची लांबी आणि मोठी चाकं खडकाळ वाटेवर इतकी सुखाची वाटतात की दुसरी सायकल घ्यायची इच्छाच होत नाही.

अडचण एकच, उतार. कोरड्यात रॉड ब्रेक निभावून नेतात. पावसात किंवा ओढा ओलांडून आल्यावर मूठ दाबली की पहिले काही फेरे काहीच होत नाही, चाक आपलं फिरतच राहतं. लांब उतारावर हात भरून येतात ते वेगळंच.

शोधाशोध केल्यावर ड्रम (चाकाच्या मधल्या हबच्या आत लागणारा), पायाचा ब्रेक म्हणजे कोस्टर (पेडल उलटं दाबलं की लागणारा), लांब हातांचे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे), व्ही-ब्रेक (तेही रिमलाच चिमटणारे, पण खुंट्यांवर बसणारे) आणि डिस्क (हबलगतच्या तबकडीला पकडणारा) असे पर्याय दिसले. सायकलचं रूप फार बिघडू नये अशी इच्छा आहे, पण रूप आणि सुरक्षितता यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षितता. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना स्वार

छान धागा. मी आधी रॉड ब्रेकची बाजू मांडतो, कारण बहुतेक सायकलींवर ते नीट लावलेलेच नसतात.

या ब्रेकची रबरं रिमच्या बाजूला घासत नाहीत, आतल्या पृष्ठभागावर खालून वर दाबली जातात. त्यामुळे रिम डावी-उजवी डुलत असेल तर बिघडत नाही. दगडावर आपटून ती एका जागी चेपली असेल तर मात्र प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो. आऊट काढायला (चाक सरळ करायला) द्याल तेव्हा कारागिराला 'उंचसखल बघा' असं मुद्दाम सांगा.

मागच्या ब्रेकचा मार्ग फार लांब आहे. हँडलखालून दांडी, डाउनट्यूबवरचा खटका, पेडलच्या खालून पुढची दांडी, मग यू पट्टी. दर सांध्यात थोडी ढिलाई असली की तुमचा निम्मा जोर ती ढिलाई भरून काढण्यातच जातो. पिना बदला, क्लिपा आवळा, रबरं रिमपासून दोन-तीन मिमीवर आणा. फरक हाताला लगेच जाणवेल.

ओल्या क्रोमवर मात्र इलाज नाही. पूर्वी स्टीलच्या रिमसाठी चामड्याचा थर लावलेली रबरं मिळायची, ती ओल्यात बरी पकडत. आता सहज मिळत नाहीत.

गिअरवेडा

इतकी खटपट कशाला? चिमट्याला आणि मागे एकेक पट्टी वेल्ड करून वायरवर चालणारे डिस्क ब्रेक टाका. चिखल, पाणी, कशाचीच चिंता नाही. आमच्याकडे एक जण करून देतो.

कोन_छर्रे

मुरूमवाट, कॅटलॉग जरा बाजूला ठेवा. नव्या सायकलीत आपण ब्रेक निवडतो आणि फ्रेम त्याला साजेशी येते. जुन्या धाटणीच्या सायकलीत हे उलट असतं. चिमटा आणि रिम जे पेलतील तोच ब्रेक.

आधी गिअरवेडा यांच्या सूचनेबद्दल, कारण हे वाचून कोणी खरंच वेल्डिंगला जाईल. १६० मिमीच्या डिस्कवर पॅड साधारण ७३ मिमी त्रिज्येवर पकडतात. टायर जमिनीला टेकतो ती त्रिज्या २८ इंची चाकाला ३५७ मिमीच्या आसपास. म्हणजे टायरला जितका रोध मिळतो त्याच्या जवळजवळ पाचपट जोर कॅलिपरच्या (इथे डिस्कचे पॅड धरणाऱ्या पकडीच्या) पट्टीवर येतो. तोही चिमट्याच्या फक्त डाव्या पायावर आणि तळाशी, जिथे नळी सगळ्यात बारीक असते. रोडस्टरचा चिमटा यासाठी घडवलेलाच नाही. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची नळी कमकुवत होते. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. पायाच्या मागे बसवलेला कॅलिपर ब्रेक दाबताना एक्सलला खाचेतून खाली ढकलतो, आणि रोडस्टरच्या खाचा खालून उघड्या असतात. आमच्या गटातल्या एकाने असं काम करून घेतलं होतं. काही महिन्यांत डावा पाय उजव्यापेक्षा मागे गेला. उभ्या सायकलकडे समोरून पाहिलं की डोळ्यांना कळायचं. तो पडला नाही, हे त्याचं नशीब.

डिस्कच हवी असेल तर जुन्या धाटणीची पण डिस्कसाठीच बनलेली नवी स्टीलची फ्रेम आणि चिमटा घ्या. तो निर्णय वेगळा आणि चांगलाही आहे. या सायकलला डिस्क नको.

आता एवढं मोजून सांगा:
टायरवरचा आकडा (४०-६३५ असेल असं धरतो, म्हणजे टायरची जाडी ४० आणि रिमचा व्यास ६३५ मिमी), दोन्ही रिमांची तारांची भोकं, चिमट्याच्या आतलं अंतर एक्सलपाशी, टायरच्या उंचीवर चिमट्याच्या दोन पायांतली मोकळी जागा, आणि चिमट्याच्या डोक्याला आरपार भोक आहे का.

मुरूमवाट

जुना स्वार, खूप आभार. मागच्या खटक्याची पिन खरंच झिजलेली निघाली, बदलली.

कोन_छर्रे, मापं अशी: टायर ४०-६३५. पुढे ३२ भोकं, मागे ४०. चिमट्यात एक्सलपाशी ९१ मिमी. टायरपाशी पायांतली जागा ६२ मिमी. डोक्याला भोक आहे, त्यात मडगार्डचा बोल्ट बसतो.

कोन_छर्रे

अगदी जुन्या इंग्रजी पद्धतीची सायकल आहे. ३२-४० हीच त्यांची जोडी.

तुमच्या रिमचा आडवा छेद पाहा, तिच्या बाजू गोलसर आहेत. याला वेस्टवूड रिम म्हणतात. रॉड ब्रेकसाठी आतला भाग दिलाय, पण कॅलिपरच्या रबराला टेकायला सपाट बाजूच नाही. म्हणून या रिमवर कॅलिपर आणि व्ही-ब्रेक दोन्ही बाद. ते हवे असतील तर ६२२ म्हणजे ७००-सी मापाची अॅल्युमिनियम रिम लागेल. ती त्रिज्येत ६.५ मिमी लहान, म्हणजे मग रॉड ब्रेक बाद. एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं.

लांब हातांच्या कॅलिपरमध्ये टेक्ट्रोचा आर-५५९ सहज सापडतो, त्याची पोच ५५ ते ७३ मिमी. डोक्याच्या भोकापासून नव्या रिमच्या सपाट पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. ७३ च्या आत असेल तर बसेल. पण हात जितके लांब तितके ते वाकतात, आणि रुंद टायर त्यांच्यामधून जाताना चिखल अडकतो. गावातल्या सायकलला उत्तम, तुमच्या वाटांना मी सुचवणार नाही. व्ही-ब्रेकला जोर भरपूर आहे, पण चिमट्यावर दोन खुंट्या पितळी ब्रेझिंगने (पितळ वितळवून जोडून) बसवाव्या लागतात आणि त्यांची जागा रिमच्या मापाने कायमची ठरते. हातात कला असलेला कारागीर असेल तरच त्या वाटेला जा.

माझं मत पुढे ड्रम. चिखल-पाणी आत जात नाही. रिम दगडाने चेपली किंवा थोडी वाकडी झाली तरी ब्रेक तसाच राहतो. रिम कोणत्याही मापाची चालते. आणि पाहणाऱ्याला तो जुन्या सायकलचाच भाग वाटतो, कारण स्टर्मी-आर्चरचे ड्रम हब इंग्रजी रोडस्टरना दशकानुदशकं लागत आले आहेत. कंपनी २००० साली नॉटिंगहॅमहून तैवानच्या सन रेसकडे गेली, हब अजून बनतात. ७० मिमी आणि ९० मिमी अशा दोन मापांत येतात. तुम्ही ९० चाच घ्या.

पाणवठा

नेदरलँड्समधून लिहितोय. इथे रोजच्या वापराच्या काळ्या सायकलींना ड्रम, रोलर आणि कोस्टर ब्रेक सर्रास असतात. पावसात आणि बर्फात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असतात, ब्रेककडे कोणी बघत नाही आणि ते चालतात. देखभालीच्या बाबतीत कोन_छर्रे यांना पूर्ण अनुमोदन.

पण एक सावधगिरी. या देशाच्या युरोपातल्या भूमीचा सर्वोच्च बिंदू व्हाल्सजवळ ३२२ मीटरवर आहे. इथला ड्रम कधी तापतच नाही. त्यामुळे 'डच लोक वापरतात' एवढ्यावर सह्याद्रीसाठी निर्णय घेऊ नका. शिवाय ड्रमचा जोर चाकाच्या मापावर अवलंबून असतो. तोच हब २० इंची चाकात कडक वाटतो, २८ इंचीत मऊ. ९० मिमीचा आग्रह म्हणूनच योग्य आहे.

टेकडीउतार

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला राहतो, आणि तुमच्या प्रश्नाचा इतिहास माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. जुन्या सायकली डोंगरावरून उतरवायच्या आणि त्यांचे ब्रेक पुरत नाहीत, यातूनच माउंटन बाइक जन्माला आली.

१९७० च्या दशकात मरिन काउंटीतले तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या श्विन एक्सेल्सियरसारख्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावर जात. मागे फक्त कोस्टर ब्रेक. फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. रस्ता साधारण ३.४ किमी, उतार ४०० मीटरच्या आसपास. खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच रस्त्याचं नाव 'रिपॅक' पडलं. त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने तो रस्ता ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला.

त्यांनी पुढे काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. फिशरने आपल्या सायकलला ड्रम ब्रेक बसवले आणि ते ओढायला मोटरसायकलच्या लिव्हर लावल्या. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठीच म्हणून नवी फ्रेम बांधली, तिच्यावर कॅन्टिलिव्हर ब्रेकसाठी (व्ही-ब्रेकसारखाच खुंट्यांवरून रिमला पकडणारा) खुंट्या दिल्या. कोन_छर्रे सांगताहेत तेच दोन मार्ग हे. जुनी फ्रेम ठेवायची तर ड्रम, खुंट्या हव्यात तर फ्रेमच नवी.

हिशोब करून बघा. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो, ४०० मीटर खाली, म्हणजे जवळजवळ ३९० किलोज्यूल ऊर्जा. खोलीच्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळीला आणायला ३३५ लागतात. थोडी ऊर्जा हवा आणि खडबडीत रस्ता खातो, उरलेली सगळी ब्रेकमध्ये. एका मुठीएवढ्या कोस्टर हबकडून ते काम एकट्याने होणं शक्य नाही.

सोनचाफा

टेकडीउतार, किती सुंदर माहिती! वाचनखूण साठवली.

साताऱ्याहून लिहितेय. कासकडच्या कच्च्या वाटांवर मी कोस्टरची सायकल चालवते, पुढे हाताचा ब्रेकही आहे. सैल खडीवर मला पायाचा ब्रेक फार आवडतो. हात हँडलवर घट्ट राहतात आणि मागचं चाक किती घसरू द्यायचं ते पायाला बरोबर कळतं. त्रास एका ठिकाणी होतो. पेडल उलटं फिरत नाही, त्यामुळे दगडांच्या वाटेवर पेडल हव्या त्या जागी आणता येत नाही आणि ते आपटतं.

कातळसडा

रत्नागिरीकडचा एक मुद्दा. आमच्याकडे जांभ्याची लाल माती. पावसात तिचा जो राडा होतो तो रिम आणि रबर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा घासतो. माझ्या दुसऱ्या सायकलच्या अॅल्युमिनियम रिमला दोन बाजूंनी बोट फिरवलं तर खोलगट लागतं, इतकी ती पातळ झाली आहे. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या पठारावर चालवणाऱ्यांनी हे धरून चालावं. रिमवर ब्रेक म्हणजे रिम खर्चात धरायची. ड्रमला अनुमोदन.

मुरूमवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे ९० मिमीचा ड्रम हे पटलं. आता अडचण रिमची. मला मिळणारा हब ३६ भोकांचा आहे आणि माझी रिम ३२ ची. दोन्ही चाकं बदलायची झाली तर खर्च वाढतो. कोणीतरी ६५०-बी म्हणजे ५८४ मापाची रिम घाला, जाड टायर बसेल असंही सुचवलं.

कोन_छर्रे

५८४ नको. तुमचं आत्ताचं चाक ३१७.५ अधिक ४०, म्हणजे ३५७ मिमी त्रिज्येचं. ५८४ वर ४७ मिमीचा टायर घातला तरी २९२ अधिक ४७, म्हणजे ३३९. सायकल १८ मिमीने खाली बसेल आणि सोनचाफाताई म्हणतात तसं पेडल दगडांवर आपटत राहील.

६२२ वर ४७ मिमीचा टायर घाला. ३११ अधिक ४७, म्हणजे ३५८. पुढचं नवं चाक आणि मागचं जुनं चाक जवळजवळ एकाच उंचीचं! म्हणून मागचं चाक आत्ता बदलायची गरजच नाही. पुढे ३६ भोकांची अॅल्युमिनियम रिम, ड्रम हब, ४७ चा टायर. मागे तुमची ४० भोकांची रिम आणि रॉड ब्रेक तसेच. ६२ मिमीच्या जागेत ४७ चा टायर दोन्ही बाजूंना सात-साडेसात मिमी सोडून बसतो. चिकट चिखलाच्या दिवसांत पुढचं मडगार्ड काढा.

जोर मुख्यतः पुढेच हवा. उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होऊन घसरतं. रोडस्टरची लांबी इथे तुमच्या बाजूने आहे, आखूड सायकलपेक्षा ती पुढे उलटायला खूप नाखूश असते. तरी सीटवर मागे सरकून बसा आणि मूठ हळूहळू आवळा.

कामाच्या गोष्टी, क्रम सोडू नका.

चिमटा आधी उघडा पाडून तपासा. डोक्याच्या खाली जिथे पाय जोडले आहेत तिथे रंग खरवडून बारीक चीर आहे का पाहा, आणि वरच्या नळीत आतून गंज. चीर दिसली तर हा सगळा विचार थांबवा, दुसरा चिमटा शोधा.

हब १०० मिमीचा आहे, तुमचा चिमटा ९१ चा. स्टील आहे, थंडच फाकवता येतं, पण दोन्ही पाय सारखे, साडेचार-साडेचार मिमी. एकच पाय ओढला तर चाक तिरकं बसेल. फाकवल्यावर मधोमध दोरी धरून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक्सल जाड असेल तर खाच कानशीने थोडी मोठी करावी लागेल.

चाक बांधताना तारा तीनदा ओलांडलेल्याच हव्यात. ब्रेकचा पीळ हबपासून रिमपर्यंत तारांतूनच जातो, सरळ तारांचं चाक तो सहन करत नाही. ड्रमची फ्लँज (तारा अडकतात ती हबची कडा) मोठी असते, तारांची लांबी नव्याने काढा.

आता सर्वात महत्त्वाचं. ड्रमच्या पाठीवरून एक लोखंडी हात निघतो, तो चिमट्याच्या डाव्या पायाला क्लिपने बांधायचा. ब्रेकचा सगळा पीळ तोच अडवतो. क्लिप पायाच्या जाडीची नेमकी हवी. ढिली क्लिप रबराचा तुकडा भरून आवळू नका, रबर दबतं आणि खेळ सुरू होतो. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) वापरा. हा बोल्ट सुटला तर अख्खी पाठ चाकाबरोबर फिरते, वायर तोडते आणि चाक जाम करू शकते. दर फेरीआधी त्याला हात लावून बघायची सवय लावून घ्या.

गिअरवेडा

पाचपट जोराचा हिशोब पटला. ड्रमचा हातही चिमट्यावरच जोर देतो ना, मग तो कसा चालतो?

कोन_छर्रे

चांगला प्रश्न. जोर येतोच. पण तो हात एक्सलपासून लांबवर, पायाच्या वरच्या, जाड भागाला धरतो. पीळ तोच राहतो, हात लांब झाला की जोर कमी होतो. शिवाय तिथे वेल्डिंग नाही. म्हणून जुन्या पण धडधाकट चिमट्यावर तो चालतो.

जुना स्वार

लिव्हरचं राहिलं. रॉडच्या हँडलला लिव्हर जोडूनच येतात. मागचा रॉड ब्रेक ठेवणार असाल तर डावी तशीच ठेवा आणि उजवीकडे वायरची साधी लिव्हर लावा. आपल्याकडे उजवा हात पुढच्या ब्रेकचा, ती सवय मोडू नका. व्ही-ब्रेकची लिव्हर ड्रमला लावू नये, ती वायर जास्त ओढते आणि जोर कमी देते.

मुरूमवाट

चिमटा खरवडून पाहिला, चीर नाही, आतून गंज वरवरचा आहे. हब, रिम आणि टायर मागवले. चाक बांधायला एक जुने कारागीर तयार झालेत, तीनदा ओलांडायचं म्हटल्यावर म्हणाले, 'दुसरं काही मी बांधतच नाही.'

दोन प्रश्न. नवा ड्रम लावल्यावर लगेच डोंगरावर न्यायचा का? आणि पुढेमागे मागे कोस्टर घालावा का?

पाणवठा

लगेच नको. नवं लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) ड्रमला पूर्ण टेकत नाही, म्हणून सुरुवातीला ब्रेक मऊ वाटतो आणि लोक निराश होतात. सपाट रस्त्यावर वेग घेऊन अनेकदा ब्रेक लावा, मध्ये हब थंड होऊ द्या. वायरचं कव्हर चांगल्या प्रतीचं आणि शक्य तितकं सरळ ठेवा.

सोनचाफा

कोस्टर घालाच असं मी म्हणेन. पावसात मागचा रॉड ब्रेक नसल्यासारखाच, आणि पुढच्या ड्रमला लांब उतारावर विश्रांती द्यायला सोबती हवा. तापला की ड्रमही ढिला पडतो.

कोन_छर्रे

सोनचाफाताईंशी अर्धा सहमत. सोबती हवाच. पण कोस्टरला चेन हाच एकमेव दुवा आहे, चेन तुटली किंवा उतरली की मागचा ब्रेक संपला. दगडाळ वाटांवर चेन उतरते. मागेही ड्रम हबच घ्या असं माझं मत. तोवर रॉड ब्रेक राहू दे, कोरड्यात तो मदत करतोच.

सोनचाफा

चेनचा ताण नीट ठेवला आणि चेनलाइन (पुढच्या-मागच्या दातेरी चाकांची रेषा) सरळ असली तर ती उतरत नाही, एकेरी गिअरला तर नाहीच. पुढे स्वतंत्र ड्रम असताना हा धोका मी पत्करते. मुरूमवाट, माझी सायकल चालवून बघायची असेल तर साताऱ्याला या, मग ठरवा.

मुरूमवाट

ताई, नक्की येतो. आधी पुढचं चाक होऊ दे. मागचा निर्णय तुमची सायकल कासच्या वाटेवर उतरवून बघितल्यावरच. फोटो इथेच टाकेन, क्लिपचा जवळून काढलेलाही.